अनुभव धागा: लहान गावातले पंक बँड आणि प्रेमभंगाची गाणी

धागाकर्ती

लोकहो,

प्रेमभंगाच्या गाण्यांचा विषय निघाला की सगळं संथ होतं. व्हायोलिन, पाऊस, लांबवलेला सूर. या धाग्यात ते नको. इथे पंक, म्हणजे जलद आणि खरखरीत रॉक, हवं आहे, आणि तेही शक्यतो राजधान्यांपासून लांब वाढलेलं.

सुरुवात बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडपासून करते, कारण या सगळ्याचा उगम मला तिथेच दिसतो. तो काढणारे पीट शेली आणि हॉवर्ड डेव्होटो हे दोघे इंग्लंडमधल्या बोल्टन गावी तंत्रशिक्षण संस्थेत शिकत होते. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मासिकात सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडच्या कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं, गाडी काढली आणि ते त्यांना बघायला गेले. नुसतं बघून परतले असते तर गोष्ट संपली असती. पण ४ जूनला मँचेस्टरमध्ये हॉल घेऊन त्यांनी पिस्टल्सनाच बोलावलं आणि जुलैच्या दुसऱ्या कार्यक्रमात स्वतः स्टेजवर चढले. डिसेंबरच्या शेवटी एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. त्याचे साधारण ५०० पौंड घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतलेले होते, त्यात शेलीचे वडीलही आले. जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीतून, पहिल्या १००० प्रती काढल्या. कोणा कंपनीची वाट बघितली नाही. त्यानंतर लवकरच डेव्होटो बाहेर पडला, शेली गायला लागला आणि बँडच्या गाण्यांत प्रेमाने मार खाल्लेला माणूस आला.

माझं मत आधीच सांगते. पंकमधलं प्रेमभंगाचं गाणं चांगलं होतं ते वेगामुळे. दोन-अडीच मिनिटांत स्वतःची कीव करायला सवडच मिळत नाही. शिवाय गाव लहान असेल तर ज्याच्यावर गाणं केलं तो माणूस पुढच्या कार्यक्रमाला समोर उभा असतो, कारण त्या संध्याकाळी गावात दुसरं काही नसतं. फार खोटं गाता येत नाही.

वाजवलं असेल, ऐकलं असेल, तुमच्यावर कोणी गाणं केलं असेल, सगळं लिहा. सल्ले मात्र नकोत.

रिदम गिटार

चला, मी भोपळा फोडतो.

आमच्या बँडमध्ये कोणालाच धड वाजवता येत नव्हतं, आणि ही गोष्ट मी अभिमानाने सांगतोय. १९७७ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या 'साइडबर्न्स' नावाच्या हाताने काढलेल्या मासिकात गिटारच्या कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांचं, एक चित्र छापलं होतं. ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. माझं सगळं संगीतशिक्षण तेवढंच.

गाणी सुरुवातीला राजकारणावर होती. म्हणजे आम्हाला राजकारणातलं काही कळत नव्हतं, पण पंक म्हणजे तेच असतं अशी समजूत होती. मग मला एकीने सोडलं आणि मी एका बैठकीत गाणं लिहिलं. तोपर्यंत आमची गाणी ऐकून लोक माना डोलवायचे. हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा दुसऱ्या वेळच्या धृपदाला समोरचे ओरडून साथ देत होते. शब्द त्यांना त्याच संध्याकाळी कळले होते!

कारण शोधायचं तर तांत्रिकच सापडतं. पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे पंकमधल्या नेहमीच्या दोन स्वरांच्या कॉर्डमध्ये, तिसरा स्वर नसतो, म्हणजे कॉर्ड धड आनंदी नसते, धड दुःखी नसते. मेजर (आनंदी) की मायनर (दुःखी) हे गायकाच्या सुरावरून ठरतं. चाल मी उड्या मारण्यासारखी ठेवली होती आणि शब्द रडके. त्या दोन्हींची ओढाताण लोकांना लागली असावी. शेलीची सगळी हुशारी इथेच आहे. चाल गोड, गिटार करवतीसारखी, आणि शब्द असे की दोन ओळींत माणूस उघडा पडतो.

ती त्या कार्यक्रमाला आली होती का, असं आता कोणीतरी विचारणारच. आली होती. गिटारच्या अँपच्या, म्हणजे स्पीकरच्या, शेजारी उभी होती, त्यामुळे तिला शब्द ऐकूच गेले नाहीत.

मनगट

मी ड्रमर. ड्रमरचा प्रेमभंग झाला तर त्याचं गाणं होत नाही, हे आधी नोंदवून ठेवा.

गायकाचा झाला की मात्र माझ्यावर संक्रांत. तालमीत मिनिटाला १७० ठोक्यांनी सुरू झालेलं गाणं कार्यक्रमात १९० ला जातं, कारण साहेब चिडलेले असतात, श्वास घेत नाहीत आणि ओळ आधीच सुरू करतात. त्यांच्या मागे धावायचं कोणी? मी. तीन आठवड्यांनी त्यांचं समेट झालं, तर गाणं हळू हवं. पुन्हा मी.

मागची रांग

मी बँडमध्ये नव्हते. मी ऐकणारी.

बझकॉक्सच्या १९७८ च्या 'एव्हर फॉलन इन लव्ह'बद्दल इथे कोणीतरी लिहिणारच, म्हणून मीच लिहिते. शेली एडिनबरामध्ये लॉजवर टीव्हीवर एक जुना संगीतपट बघत होता. त्यातल्या एका संवादावरून त्याला विषय सुचला आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट ऑफिसच्या बाहेर व्हॅनमध्ये बसून त्याने शब्द लिहिले. नको त्या माणसावर जीव जडला तर काय, एवढाच प्रश्न. इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

मला ते सापडलं तेव्हा माझं एका मुलीवर प्रेम होतं आणि ती माझी मैत्रीण होती. मैत्रीण म्हणजे फक्त मैत्रीण. तिला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. प्रेमाची जी जी गाणी आसपास वाजत होती, त्यांत एक तो आणि एक ती. ऐकताना मला दर वेळी मनातल्या मनात कोणालातरी बदलून घ्यावं लागायचं. हे काम माणूस इतक्या सवयीने करतो की थकवा आल्याचं कळतही नाही. शेलीच्या गाण्यात बदलायला काही नव्हतंच. 'मी' आणि 'तू', बाकी कोण पुरुष, कोण बाई, पत्ताच नाही. तो हे ठरवून करायचा. स्वतः बायसेक्शुअल होता आणि ते त्याने लपवलं नाही.

गाण्याने धीर दिला वगैरे नाही. फक्त दोन मिनिटं चाळीस सेकंद मला काही बदलून घ्यावं लागलं नाही. मग मी ते परत लावायचे.

शेली ६ डिसेंबर २०१८ ला एस्टोनियातल्या टालिनमध्ये गेला. बातमी वाचून मी त्या मैत्रिणीला फोन केला. तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. आम्ही तिच्या मुलांच्या शाळेबद्दल बोललो.

दुसरं कडवं

धागाकर्तीने 'तुमच्यावर कोणी गाणं केलं असेल' असं लिहिलंय म्हणून आले.

माझ्यावर आहे. बँड गावातला, गायक माझा आधीचा. गाणं चाललं, चांगलंच चाललं. आधी ते चाळीस लोकांसमोर वाजवायचे, मग चारशेंसमोर. अनोळखी मुली ते धृपद माझ्या शेजारी उभ्या राहून गातात. दुसऱ्या कडव्यात मी दार आपटून निघून जाते. मी दार आपटलं नव्हतं. मी बसून तासभर बोलले होते आणि जाताना त्याची भांडीही घासून गेले होते. पण 'भांडी घासून' हे चालीत बसत नाही, तेही खरंच.

वर लिहिलंय की लहान गावात खोटं गाता येत नाही. येतं हो, व्यवस्थित येतं. ज्याच्या हातात माइक, त्याची हकिकत.

मला बरं वाटलं ते ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडच्या 'गुड रिडन्स'ची गोष्ट कळल्यावर. त्यांच्या गायकाने, बिली जो आर्मस्ट्राँगने, ते मैत्रीण इक्वेडोरला निघून गेली त्या रागात लिहिलं होतं. नावाचा अर्थच 'सुटलो बुवा' असा. बँडच्या बाकी गाण्यांशी ते जुळेना म्हणून राहून गेलं आणि १९९७ मध्ये आलं. आज ते निरोप समारंभात वाजतं, पदवीदानात वाजतं, लोक गळ्यात गळे घालून रडतात. इक्वेडोर कोणाच्याही डोक्यात नसतं.

म्हणजे गाणं पुरेसं मोठं झालं की माझ्या डोक्यावरून निघून जाईल. त्यांनी अजून चार-पाच मोठे कार्यक्रम करावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मनगट

@दुसरं कडवं, भांडी घासून बसवता येईल. चौथ्या मात्रेला 'भां' घ्यायचा.

कॅसेटवाला

प्रेमाची गाणी म्हणजे पंक नव्हे, हे वाक्य इथे किती जणांनी ऐकलंय? आम्ही कार्यक्रम भरवायचो तेव्हा दर वेळी एक जण यायचा, जॅकेटवर सगळे बिल्ले, आणि व्यवस्थेवर एकही गाणं नाही म्हणून नाक मुरडून जायचा.

त्याला मी डेरी शहरातल्या अंडरटोन्स बँडचं उदाहरण द्यायचो. उत्तर आयर्लंड, सत्तरचं दशक, रस्त्यावर सैन्य, बॉम्ब. आणि ही पाच पोरं 'कॅस्बा' नावाच्या जागेत मुलींबद्दलची गाणी वाजवत होती. तुमच्या शहरात हे चाललंय आणि तुम्ही त्यावर गात का नाही, असं त्यांना पुष्कळ विचारलं गेलं. मला तर वाटतं, दिवसभर जे बघायचं तेच रात्री गायचं, ही अपेक्षा लांब राहणाऱ्यांचीच असते. तिथल्या सोळा वर्षांच्या मुलालाही नकार मिळत होता, आणि त्या नकाराला गाण्यात जागा हवी होती.

'टीनेज किक्स' त्यांनी जून १९७८ मध्ये बेलफास्टला रेकॉर्ड केलं. ते काढलं टेरी हूली यांनी, स्वतःच्या रेकॉर्डच्या दुकानावरून चालणाऱ्या लेबलवर. लंडनच्या कंपन्यांनी दाद दिली नव्हती. मग बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांनी ते वाजवलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा वाजवलं. पुढे सायर कंपनीचा करार आला. पील यांच्या थडग्यावरच्या दगडावर त्याच गाण्याची ओळ आहे.

बिल्लेवाल्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, ते वेगळं. ते नेहमीच वेगळं असतं.

बेसशिवाय

माझा प्रेमभंग गायकाने केला. तसा नाही. तो शिकायला निघून गेला.

डिसेंडेंट्स या अमेरिकन पंक बँडचा गायक मायलो ऑकरमन जीवशास्त्र शिकायला गेला, तेव्हा बँडने १९८२ च्या अल्बमचं नावच 'मायलो गोज टू कॉलेज' ठेवलं. पंधरा गाणी, बावीस मिनिटांच्या आसपास. तो पुढे खरोखर डॉक्टरेट घेऊन संशोधक झाला, मधूनमधून परत येऊन गायलाही. आमच्यात तेवढा विनोद नव्हता. आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं. मग दुसरा गायक घेतला, त्याला जुनी प्रेमभंगाची गाणी शिकवली, आणि तो एकदम सुरात गायला. सगळं कोसळलं! त्या गाण्यांना सूर चालतच नव्हता.

लहान गावात बँड मोडण्याचं कारण भांडण क्वचितच असतं. कोणीतरी शिकायला जातं, कोणाची बदली होते. याच्यावर मात्र मला एकही चांगलं गाणं सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

रिदम गिटार

@बेसशिवाय, उलट्या बाजूनेही होतं. ग्रीन डेचं बघ. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबमध्ये ते वाढले, तिथे मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडना बंदी होती. करार झाला, १९९४ ला 'डूकी' अल्बम आला, जगभर गाजला आणि घरचं दार बंद. परत तिथे वाजवलं ते २०१५ मध्ये, एका मदतीच्या कार्यक्रमात.

तिखट

सगळं छान चाललंय, पण एक बोलते. नव्वदनंतरच्या या जातीच्या गाण्यांत ती मुलगी कुठे आहे? तो बिचारा, ती दुष्ट. तिला नाव नाही, काम नाही, मत नाही, तिचं काम फक्त निघून जाणं. संगीत समीक्षक जेसिका हॉपर यांनी २००३ मध्ये 'पंक प्लॅनेट' मासिकात हेच मांडलं होतं आणि मला त्यात आजही खोडण्यासारखं काही दिसत नाही. शेलीच्या गाण्यात माणूस स्वतःवर हसतो, स्वतःला गोत्यात आणणारा तोच असतो. नंतरच्यांनी वेग उचलला आणि हसू सोडून दिलं. 'दुसरं कडवं' यांची भांडी वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

खालची तार

@तिखट, म्हणून मी सोडून जाणारीची गाणी लिहायला लागले. आमचा तिघींचा बँड, बेस आणि शब्द माझे.

अवघड आहे. सोडलेल्याच्या बाजूला श्रोते आपोआप जातात. सोडून जाणारीला आधी शंभर कारणं द्यावी लागतात, आणि कारणं द्यायला लागलं की गाणं साडेचार मिनिटांचं होतं, म्हणजे मेलंच. मी कारणं काढून टाकली. पहिलं कडवं: बॅग भरतेय. दुसरं: बॅगेत काय काय आहे. धृपदात फक्त बसची वेळ. एक मिनिट पन्नास सेकंद.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, त्याने काय केलं ते तर सांग! आमची ड्रमर मला तालमीत तेच विचारत होती. शेवटी एक ओळ तरी माफीची टाकू या का, म्हणाली. मी म्हटलं, तू फक्त वेळेवर थांब.