शब्दचर्चा: एक्सेलमधल्या 'लिंक्ड पिक्चर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: कोल्हापुरातल्या चप्पल दुकानदारांसाठी एक्सेलची मराठी टिपणे लिहीत आहे. 'फोटो' शीटवर कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशा चपलांचे फोटो आहेत. 'कोटेशन' शीटवर प्रकार निवडला की त्याचाच फोटो दिसायला हवा. याला 'जोडलेले चित्र' म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद: माझ्या मते नको, तो शब्द दुसरीकडे लागतो. फोटो घालताना 'लिंक टू फाइल' निवडले की तो कॉम्प्युटरवरच्या फाइलशी जोडला जातो आणि फाइल हलवली की तिथे लाल फुली येते. ते खरे 'जोडलेले चित्र'. तुमचे चित्र सेलशी, म्हणजे शीटवरच्या चौकटीशी, बांधलेले आहे. फोटो ज्या सेलवर ठेवलाय तो सेल कॉपी करायचा (फोटो नव्हे, सेलच!) आणि दुसऱ्या शीटवर पेस्ट स्पेशलमधून 'लिंक्ड पिक्चर' घ्यायचे. त्या चित्रावर क्लिक केले की फॉर्म्युला बारमध्ये मूळ सेलचा पत्ता दिसतो. मूळ सेलचा रंग बदला, इकडेही बदलतो. फोटो सेलबाहेर गेला असेल तर तेवढा भाग कापला जातो, ग्रिडलाइन्स चालू असतील तर त्याही उमटतात. म्हणून मी 'प्रतिबिंब' सुचवतो.

प्रतिसाद: अर्थाला नेमकं हाय, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना 'प्रतिबिंब' कोण म्हणणार? आमच्या दुकानात पोरं 'फोटो सेलला बांधलाय' म्हणत्यात. तेच टिपणात घ्या की.

प्रश्नकर्ता: 'सेलला बांधलेला फोटो' आवडले, तेच घेतो. पण प्रकार बदलला की फोटो कसा बदलेल?

प्रतिसाद: त्या फोटोच्या फॉर्म्युल्यात इंडेक्स-मॅच (निवडलेल्या प्रकाराचा सेल शोधणारे सूत्र) थेट लिहिले तर एक्सेल घेत नाही. आधी नेम मॅनेजरमध्ये त्या सूत्राला एक नाव द्यायचे, मग फोटो निवडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचे चिन्ह (=) आणि ते नाव लिहायचे. इथे मात्र नुसते 'नाव' लिहू नका, वाचणारा चपलेचे नाव समजेल. 'सूत्राचे नाव' असे पूर्ण लिहा.

आणि ज्यांच्याकडे एक्सेल ३६५ आहे त्यांना बांधाबांध लागतच नाही. 'प्लेस इन सेल' करून फोटो सेलच्या आत बसवला की एक्सलुकअप हे शोधणारे सूत्र तो मजकुरासारखा उचलून आणते. त्याला सरळ 'सेलमधला फोटो' म्हणा.