मदत हवी आहे: बाळ फक्त पालथं झोपतं, उताणं ठेवलं की पाच मिनिटांत जागं

जागरणवाली:
लेक साडेतीन महिन्यांचा आहे. पण ३४व्या आठवड्यात झालाय, म्हणजे हिशेबाने दोनच महिन्यांचा धरायचा. जन्मल्यावर अकरा दिवस पेटीत होता. आम्ही काचेतून बघायचो तेव्हा कायम पालथा, बेडकासारखे पाय पोटाशी घेऊन, ढुंगण वर. आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, उताणंच झोपवा. मी विचारलं, मग इथे पालथं का ठेवत होता? तोवर पुढचा पेशंट आत आला होता, उत्तर राहूनच गेलं.

सांगलीला माहेरी होते तोवर आई त्याला मांडीवरच झोपवायची, त्यामुळे प्रश्न आला नाही. पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला गोधडीवर पालथा टाकला, दोन मिनिटं थोपटलं, आणि पठ्ठ्या तीन तास झोपला. त्या दुपारी मी आंघोळ केली, केस धुतले, गरम पोळी खाल्ली. तेव्हापासून घरात हाच नियम झालाय. 'गॅस सुटतो, दचकत नाही, दूध वर आलं तर बाहेर पडतं', असं सासूबाईंचं म्हणणं. नवराही म्हणतो, झोपतोय ना, मग कशाला छेडतेस.

पण मी झोपत नाही. रात्रभर उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते. परवा उचलला तर गालावर गोधडीच्या टाक्यांची अख्खी ओळ उमटलेली, आणि नाकाचा शेंडा दबून पांढरा पडलेला. मी तशीच त्याला घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिले.

उताणं का झोपवायचं ते वाचून झालंय, कृपया लिंका देऊ नका. कसं झोपवायचं ते सांगा. उताणा ठेवला की दोन्ही हात फेकून दचकतो आणि रडायला लागतो. दूधही टाकतो, तेव्हा अडकेल अशी भीती मलाही वाटतेच. आणि माहेरून आलेल्या मोहरीच्या उशीचं काय करू? एका बाजूने डोकं जरा चपटं दिसायला लागलंय.

कडकचहा:
आमची तिन्ही पालथी झोपूनच मोठी झाली. एवढं मनावर घेऊ नका. झोपलेल्या पोराला उठवणं हे पाप आहे.

रातपाळी:
कडकचहा, तुमची झाली म्हणून सगळ्यांची होतील असं नसतं हो.

ताई, मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. तुमचं राहून गेलेलं उत्तर देते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पालथं ठेवलं की श्वास घेणं सोपं जातं, म्हणून तिथे ठेवतात. पण तिथे त्याच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी पट्टी असते, छातीवर तारा असतात, आकडा घसरला की मशीन बोंबलतं आणि आमच्यापैकी कोणीतरी धावतं. घरी ते मशीन म्हणजे तुमचं बोट. म्हणून घरी सोडायच्या बऱ्याच आधीपासून बाळाला उताणं झोपायची सवय लावायची असते. ती तुमच्याकडे लागली नाही असं दिसतंय. आणि लवकर झालेल्या बाळांना झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतो, म्हणून तुमच्या बाबतीत हयगय नको.

दूध अडकण्याबद्दल: उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध आपल्या वजनाने खालीच राहतं, बाळ ते गिळतं किंवा तोंडातून बाहेर टाकतं. पालथं केलं की हे उलटं होतं, श्वासनलिका खाली जाते. सासूबाईंना हे हाताच्या दोन बोटांनी, एक वर एक खाली धरून दाखवा. मी सगळ्या आज्यांना तसंच दाखवते. मात्र दुधाची धार जोरात उडत असेल किंवा वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.

दुपटेवाली:
माझी धाकटी अशीच होती. 'कसं' तेवढं सांगते.

पाजून झाल्यावर ढेकर काढून वीसेक मिनिटं खांद्यावर उभा धरायचा. मग दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळायचा, म्हणजे दचकून हात फेकता येत नाहीत. छातीशी तुमची दोन-तीन बोटं जातील इतपत सैल, आणि पाय आत बेडकासारखे हलले पाहिजेत, ताणून सरळ बांधायचे नाहीत. गुंडाळलेलं बाळ फक्त उताणंच ठेवायचं, आणि ज्या दिवशी पालथं पडायची धडपड सुरू होईल त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

खाली ठेवताना बहुतेक जण आधी डोकं टेकवतात, तिथेच पोर दचकतं. आधी ढुंगण, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. तुमची छाती एकदम लांब नेऊ नका, त्याच्याबरोबर वाका. टेकल्यावर एक हात त्याच्या छातीवर जड ठेवा, दोन-तीन मिनिटं. मग हात उचलायचा तोही बोटाबोटाने. हसाल, पण मी तो हात काढायला अक्षरशः श्वास रोखून धरायचे.

रात्रीपासून सुरुवात करू नका, सगळेच रडाल. सकाळच्या आंघोळीनंतरची झोप धरा. तेल-पाणी झालेलं पोर तसंही अर्धं झोपलेलं असतं.

मोहरीची उशी उचलून ठेवा. झोपेत उशी कुठलीच नको, गोधडीची घडीही नको, गादी टणक आणि चादर ताणून बसवलेली. चपटेपणासाठी रोज उशाची बाजू बदला. आमची पंख्याकडेच बघायची, म्हणून एक दिवस डोकं खिडकीकडे, एक दिवस कपाटाकडे. आणि जागा असताना त्याला दिवसातून चार-पाचदा तुमच्या पोटावर पालथा घ्या, समोर बसून. पालथेपणाची हौस तिथे भागवायची.

रातपाळी:
चपटेपणा वाढतोय किंवा मान एकाच बाजूला वळते असं वाटलं तर पुढच्या लसीच्या वेळी नक्की दाखवा. आणि बाळ तुमच्या दोघांच्या मध्ये झोपत असेल तर तेही नको. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या गादीवर.

ओटीवरची_आजी:
मी सासूच्या बाजूने बोलते. आम्ही चुकीचं केलं असं म्हणू नकोस, दुखतं. आमच्या वेळी अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा पालथंच झोपवा सांगत होते. १९९२ मध्ये त्यांच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मत बदललं, १९९४ मध्ये घरोघरी सांगायला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत जाणारी बाळं निम्म्याहून कमी झाली. माझ्या सुनेने हे मला भांडून नाही, भाजी निवडताना सांगितलं. मी म्हटलं, बरं, मग मला गुंडाळायला शिकव. थोपटायचं काम तुझ्या सासूबाईंकडेच ठेव.

जागरणवाली:
सगळ्यांचे आभार, रातपाळी तुमचे विशेष. अकरा दिवसांचं कोडं सुटलं.

दोन बोटांचा प्रयोग केला. सासूबाई बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, 'अगं, पण मग पेटीवाल्यांनी आपल्याला सांगायला नको?' आज सकाळी गुंडाळला त्यांनीच, माझ्यापेक्षा छान जमतं त्यांना. पहिल्या दोन वेळा रडला. तिसऱ्यांदा पस्तीस मिनिटं झोपला, उताणा. रात्री अजून धीर झालेला नाही. नवऱ्याने पहाटे दोनपर्यंतची पाळी घेतली आहे, तेवढं मी झोपून घेईन म्हणते.

एक विचारायचं राहिलं: दुपट्यात गुंडाळल्यावर मानेला घाम येतो. आत नुसतं झबलं ठेवलं तर चालेल का? पंखा दोनवर असतो.

रातपाळी:
चालेल. पातळ सुती दुपटं घ्या, टोपी नको. मानेमागे हात लावून बघा, ओलसर लागली तर दुपटंही काढा आणि पंखा एक घर वाढवा.