व्याख्यानासाठी अभ्यासिका रिकामी करावी लागते; इतर वाचनालये काय करतात?

प्रश्न (कार्यकारिणी सदस्य):
नमस्कार. आमच्या गावातील ‘ब’ वर्ग तालुका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी यंदा निवडून आलो. इमारतीत सभागृह एकच असून एरवी तेथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालते. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनानिमित्त, आम्ही व्याख्यान ठेवले, तेव्हा २५ मुलांना उठवून १२ श्रोते बसवले आणि त्यांतले सहा मंडळाचेच होते. अहवालापुरते छायाचित्र मिळाले, एवढेच. अन्यत्र याचा मेळ कसा घालतात?

उत्तर (ग्रंथपाल):
कार्यक्रम सभागृहातच व्हावा, हा आग्रह आधी सोडावा. आमच्याकडे वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंक योजना चालते. अंक बदलण्यासाठी सभासद शनिवारी सायंकाळी येतातच, म्हणून त्याच वेळी देवघेवीच्या टेबलाशेजारी आठ खुर्च्या मांडून एखाद्या कथेवर दहा मिनिटे बोलणे सुरू केले. पहिले दोन शनिवार कोणी तयार होईना, तेव्हा मीच बोललो. तिसऱ्या शनिवारी एका आजींनी “तुम्हाला ही कथा कळलेलीच नाही” असे सांगून मला खाली बसवले, त्यानंतर माझी गरज उरली नाही.

बालविभाग सुरू करायचा असल्यास राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्रीय संस्थेच्या असमान निधी योजनेची (राज्याच्या हिश्श्याशिवाय मिळणाऱ्या साहाय्याची) चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. कागदपत्रे बरीच लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

उत्तर (अभ्यासिकेतील माजी विद्यार्थी):
आम्हाला उठवले याचा राग नव्हता. परीक्षा आठवड्यावर आली असताना उठवले, याचा होता. तारीख ठरवण्यापूर्वी अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून विचारले असते, तरी पुरले असते. शिवाय आमच्यापैकी बहुतेक जण खुर्चीचे मासिक शुल्क भरत, पण देवघेव विभागाचे सभासद नव्हते. दोन वर्षे त्या इमारतीत बसून मी एकही कादंबरी घरी नेली नाही. गावातूनच निवड झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याला बोलावून सराव मुलाखती ठेवल्यास सभागृह रिकामे करण्याचा प्रश्नच येणार नाही, कारण श्रोते आधीच तेथे बसलेले असतील.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आमच्या देवघेवीच्या टेबलाशेजारची जागा वर्तमानपत्रांच्या रद्दीने अडली आहे. आज मोजून पाहिली, सहा खुर्च्या बसतात. रद्दीवाल्याला सोमवारी बोलावले आहे.