कृष्णवर्णीयांचं कर्तृत्व: मुलांनी गटात शोधावं की शिक्षकाने सांगावं?

पाटीपेन्सिल
मी न्यू जर्सीत पाचवीला शिकवते. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात असावा असा इथे २००२ पासून कायदा आहे, तरी फेब्रुवारी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आला की बहुतेक वर्गांत एकच प्रकार चालतो. प्रत्येक मुलाला एक नाव, एक फोटो, पाच वाक्यं आणि एक तक्ता. गॅरेट मॉर्गनने सिग्नल शोधला, लुईस लॅटिमरने बल्ब शोधला, कार्व्हरने पीनट बटर शोधलं. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि खरी हकिगत त्याहून कितीतरी मोलाची आहे.

मॉर्गनच्या आधीही सिग्नल होते. त्याच्या १९२३ च्या पेटंटमध्ये 'थांबा' आणि 'जा' यांच्या जोडीला सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबवणारी तिसरी स्थिती आहे. लॅटिमरचं १८८२ चं पेटंट बल्बमधली कार्बनची तार तयार करण्याच्या पद्धतीचं आहे. त्याचे वडील गुलामीतून पळून बॉस्टनला आलेले. कार्व्हर आपल्या मराठी घरांत पुष्कळांना ठाऊक असतो, पण त्याचं खरं काम कापसाने निकस झालेल्या जमिनीचं आणि ती कसणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचं. १९१६ च्या पुस्तिकेत त्याने शेंगदाण्याच्या १०५ पाककृती दिल्या, त्या या शेतकऱ्यांच्या घरात पीक वापरलं जावं म्हणून.

म्हणून मी चौघांचे गट करते. एकाकडे पेटंट, दुसऱ्याकडे त्या काळचं वर्तमानपत्र, तिसऱ्याकडे त्या गावातले तेव्हाचे कायदे, चौथ्याकडे 'श्रेय कुणाला मिळालं' हा प्रश्न. मग चौघांनी एकमेकांना शिकवायचं. माझं म्हणणं एवढंच: कर्तृत्व पाठ करून कळत नाही, पुरावा हातात घेऊनच ते उमगतं. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा
हेतू चांगला आहे, पद्धत पटत नाही. गटाचं काम म्हणजे एकाने राबायचं आणि तिघांनी नाव लावायचं, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. तेही सोडा. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन वर्तमानपत्रात कृष्णवर्णीयांबद्दल काय भाषा असायची याची कल्पना आहे ना? ती दहा वर्षांच्या मुलांच्या हातात द्यायची? वर्गात एखादंच कृष्णवर्णीय मूल असेल तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळणार, आणि गटात शिक्षक शेजारी नसणार. हा इतिहास जाणत्या माणसाने, क्रमाने, समोर उभं राहूनच सांगायला हवा.

सरळरेघ
माझा आक्षेप वेगळा आहे. विज्ञानाला रंग नसतो. विजेच्या धड्यात लॅटिमर घ्या, रक्ताच्या धड्यात चार्ल्स ड्रू घ्या, वर्षभर घ्या. वेगळा महिना आणि वेगळा प्रकल्प केला की मुलांना वाटतं ही मंडळी मुख्य पुस्तकाबाहेरची. माझा मुलगा दरवर्षी तीच चार नावं करतो आणि मार्चमध्ये विसरतो.

पाटीपेन्सिल
@सरळरेघ, वर्षभर घ्या हे शंभर टक्के मान्य. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये आधी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला तोही वर्षभराचा अभ्यास लोकांपुढे मांडण्यासाठी. लिंकन आणि गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस समाजात आधीपासून साजरे व्हायचे, म्हणून फेब्रुवारी. महिना झाला १९७६ मध्ये.

पण 'विज्ञानाला रंग नसतो' यावर थांबता येत नाही, कारण श्रेयाला रंग होता. अ‍ॅलिस बॉल ही तरुण रसायनशास्त्रज्ञ १९१५ मध्ये हवाईत एम.एस. झाली. कुष्ठरोगावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं चालमोगऱ्याचं तेल सुईने दिलं तरी नीट शोषलं जात नव्हतं, इतकं ते दाट. ते शरीरात शोषलं जाईल अशा रूपात तिने आणलं. १९१६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी ती गेली. मग कॉलेजच्या अध्यक्षांनी तेच काम तिचं नाव न घेता छापलं. हे विज्ञानाच्या धड्यात 'अ‍ॅलिस बॉलने औषध शोधलं' एवढ्या ओळीत मावतं का?

@कोकणकडा, जुनी वर्तमानपत्रं मी आधी वाचून, निवडूनच देते. मोकळं इंटरनेट नाही. आणि प्रत्येकाकडे वेगळा कागद असल्यामुळे एकाने टाळलं तर गटाचं काम तिथेच अडतं. गुणही प्रत्येकाला वेगळे. ही तुकडे जोडण्याची पद्धत १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये एलियट अ‍ॅरन्सन यांनी काढली. वेगवेगळ्या शाळांतली गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं होत होती. एकमेकांवाचून काम पुरं होऊ नये, अशी रचना त्यांनी मुद्दाम केली. वर्णभेद मोडताना जन्मलेली पद्धत याच विषयासाठी नाही वापरायची, तर कशासाठी?

निळी_पहाट
माझं दोन्ही बाजूंशी भांडण आहे. तुमची सगळी नावं एकेकट्या शोधकांची. आपल्याकडे १४ एप्रिलच्या भाषणात मुलं बाबासाहेबांच्या पदव्या घडाघडा म्हणतात, पण १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं का चालत गेली ते त्यांना सांगता येत नाही. अमेरिकेत तेच व्हायला नको. 'एवढं असूनही तो मोठा झाला' ही गोष्ट वारंवार ऐकली की मूल नकळत विचारतं, मग बाकीचे का नाही झाले?

मुलं गटाने काम करणार ना? मग गटाने केलेलं कर्तृत्व द्या. बसमध्ये कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसाठी जागा सोडून उठावं लागायचं, त्याविरुद्धचा माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स यांचं नाव सगळ्यांना माहीत. पण प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली, ती वाटली कुणी? वर्षभर माणसांना कामावर नेणाऱ्या गाड्या कुणाच्या, पेट्रोलचे पैसे कुठून आले, थांबे कुणी ठरवले? पुलमन रेल्वेडब्यांतल्या कृष्णवर्णीय कामगारांनी १९२५ मध्ये संघटना काढली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. ती १२ वर्षं तक्त्यावर कुठे दिसतात?

हा धागा आपल्यापर्यंत येतो म्हणून जीव तुटतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. ते पत्र आज कुणालाही वाचता येतं. तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या मराठी मुलांच्या गटाला ते द्या.

सरळरेघ
अ‍ॅलिस बॉलचं मला माहीत नव्हतं, आणि ते एका ओळीत मावत नाही हे मान्य. पण पेट्रोलचे पैसे आणि कामगार करार हे दहा वर्षांच्या मुलाला कळेल? कर्तृत्व म्हटलं की मुलाला डोळ्यांसमोर एक माणूस हवा.

निळी_पहाट
कळतं. तिकीट असूनही उठायला लावतात हे अन्यायाचं रूप लहान मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

कोकणकडा
पद्धतीचा उगम वाचून माझा विरोध थोडा कमी झाला, संपला नाही. गुलामी आणि नंतरचे वर्णभेदाचे कायदे आधी शिक्षकाने नीट शिकवावेत, निदान दोन-तीन आठवडे. मगच गट. पायाच नसेल तर पेटंट वाचून मुलांना फक्त यंत्र दिसेल, मॉर्गनने धुरापासून वाचवणारा आपला सुरक्षा टोप विकताना स्वतःचा वर्ण का लपवला ते दिसणार नाही.

पाटीपेन्सिल
@कोकणकडा, क्रम मान्य. पण दोन-तीन आठवडे नुसतं ऐकायला लावलं तर पाचवीची मुलं हरवतात. दर दोन तासिका शिकवून एक तासिका गटाची, असं मी करेन.

@निळी_पहाट, यंदा दोन गटांना माँटगोमेरी देते. गाड्यांचे थांबे नकाशावर मांडणं चौघांत वाटता येईल. शोधकांचे गट मात्र काढणार नाही. श्रेय कसं हिरावलं जातं ते मला कागदावर दाखवायचं आहे, आणि पेटंटवर सही ज्याची त्याची असते.

निळी_पहाट
पेटंट ज्यांना घेताच आलं नाही त्यांचं काय? गुलामाला १८५८ नंतर सरकार पेटंट देतच नव्हतं. तोही एक कागद ठेवा त्या गटात.