परक्याचं पोर, लंगडी कुत्री आणि आमचं घर

चोपड्याचा वाटसरू
परवा इथेच एकानं टाकलं होतं, "स्वतःची पोरं धड सांभाळता येईनात, आणि परक्याची पोरं अन् गल्लीतली कुत्री घरात घालून समाजसेवा मिरवतात." नाव घेतलं नाही, पण गावात असं घर आमचंच. म्हणून लिहितोय.

पोरगा दत्तक नाही. मामीला सांभाळणं झेपलं नाही. आई टीबीच्या औषधांवर आहे, ती सावरेपर्यंत बालकल्याण समितीनं आमच्याकडे ठेवलाय. गल्लीत पहिला प्रश्न आला, "पोऱ्या कोना शे?" म्हणजे जात कुठली. दोन महिने तो माठातलं पाणीसुद्धा विचारून घ्यायचा, "काकू, पाणी घेऊ?" घरात एक लंगडी कुत्री आहे, यावल रस्त्यावर केळीच्या ट्रकनं उडवलेली. मे महिन्यात एका दुपारी यानं न विचारता पेला बुडवला, अर्धा प्यायला आणि उरलेलं पाणी तिच्या फुटक्या घमेल्यात ओतलं. बायको बघतच राहिली, तव्यावरची भाकरी करपली. यात मिरवण्यासारखं काय आहे, भो?

केळीबाग_४५
मीच लिहिलं होतं. तुमच्यावर नव्हतं, लागलं तर लागलं. पोरगं आणि कुत्रं एका दावणीला कशाला? माझ्या पुतणीला गल्लीतलं कुत्रं चावलं. सरकारी दवाखान्यात लस संपलेली, पहिली सुई बाहेरून विकत आणली. मग ३, ७, १४, २८ व्या दिवशी खेपा, तेही ऐन केळी कापणीत. तेव्हा एकही प्राणिमित्र फिरकला नाही.

पाचोऱ्याची सून
पोरीचं वाईट झालं. पण त्याचा राग लस टोचलेल्या पाळीव कुत्रीवर का? आणि जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली होती, की हळद दाबली?

केळीबाग_४५
मिरची लावली होती, आईनं. झालं समाधान?

तापीकाठ
सुप्रीम कोर्टाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश वाचा. नसबंदी करा, लस टोचा, उचललं तिथेच सोडा.

केळीबाग_४५
अर्धाच वाचलात. पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडायची नाहीत, हेही त्यातच आहे. ७ नोव्हेंबरला तर शाळा, दवाखाने, बसस्थानकांतली उचला आणि परत तिथे सोडू नका, असं सांगितलं.

तापीकाठ
उचलून ठेवणार कुठे? तुमच्या बागेत?

केळीबाग_४५
तुमच्या ओट्यावर! बिस्किटं तुम्हीच टाकता ना?

पाचोऱ्याची सून
अरे, धागा कशाचा, चाललंय काय!

नंदुरबारची मावशी
कुत्र्यांवर कोर्टाच्या तारखा तोंडपाठ. आईबापाला सांभाळणं झेपत नाही अशा पोरांसाठी सरकार दरमहा पैसे देतं, त्या बालसंगोपन योजनेचं कुणाला माहीत आहे? २०२३ मध्ये महिन्याला ११०० चे २२५० झाले, ऐकायला छान. माझी बहीण विधवा, दोन पोरं. अर्ज करून सात महिने झाले, कधी उत्पन्नाचा दाखला नाही, कधी साहेब नाही. वाटसरूभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या त्या पोराच्या मामीला हे पैसे वेळेवर मिळते तर पोरगं परक्या घरी पाणी मागत उभं राहिलं असतं का?

चोपड्याचा वाटसरू
मावशी, याला माझ्याकडे उत्तर नाही. मामीचीच तीन आहेत, ती रडत सोडून गेली होती. मिरवण्याचं म्हणाल, तर समितीनं दर महिन्याला घर बघायचं असं कायद्यातच आहे. घरात कोण कुठे झोपतं इथपर्यंत विचारतात.

केळीबाग_४५
एवढं विचारत असतील तर "मिरवतात" हा शब्द मागे घेतो. तेवढाच. बाकीचं म्हणणं कायम.

तापीकाठ
उपकार झाले!

केळीबाग_४५
तुम्ही गप्प बसा. वाटसरूभाऊ, बागेत राखणीला एक गावठी कुत्रं आहे. लस नाही टोचलेली. तुम्ही कुठे टोचून आणता? पुतणी सुट्टीत येते तिथे.