सल्ला हवा: जुन्या इंजिनाचे सगळे भाग पावडर कोटिंगला द्यावेत का?

बोनेटखाली:
नमस्कार मंडळी. साठच्या दशकातल्या चार सिलिंडरच्या गाडीचं इंजिन उतरवून वर्ष होत आलं. बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सीट असं मशीनवरचं काम झालंय. आता सगळे भाग जमिनीवर ओळीने मांडून बसलोय आणि गाडं नेमकं इथे अडलंय: बाहेरून काय लावायचं?

माल असा: बिडाचा ब्लॉक, पत्र्याचं टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबर, ॲल्युमिनियमचं टायमिंग कव्हर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा), पितळी रेडिएटर आणि डबाभर नट-बोल्ट. मागच्या खेपेला ब्लॉक साध्या सिंथेटिक इनॅमलने रंगवला होता. वर्षभरातच हाताला पोपडे यायला लागले. यंदा सगळंच्या सगळं पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी भुकटी चिकटवून भट्टीत पक्की करतात ते) देऊन मोकळं व्हावं म्हणतो. गाडी शोभेला ठेवायची नाही, चालवायची आहे. जाणकारांनी सांगावं.

आटेवाला:
बाकी काय करायचं ते करा, पण रेडिएटर देऊ नका हो! पावडर पक्की करायची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. पितळी रेडिएटर शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेला असतो आणि तो डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. आत जाईल रेडिएटर, बाहेर येतील सुटे भाग. पेट्रोलच्या टाकीला डाख असेल तर तिचंही तेच. शिवाय जाड थर उष्णता अडवतो तो वेगळाच. रेडिएटरवर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारा, बास.

टॅपेट कव्हर आणि चेंबरला मात्र पावडर झकास. फक्त तिचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो हे विसरू नका. आटे, गॅस्केट बसते ती कड आणि बोल्टच्या डोक्याखालची जागा झाकूनच द्यायची. मी डायनामोचं ब्रॅकेट आंघोळ घातल्यासारखं सगळीकडून कोट करून आणलं होतं. वायसरखालचा थर दबत गेला आणि दोन महिन्यांत बोल्ट बोटांनी फिरायला लागले.

गॅस्केट:
+१. आणि अर्थिंग! इंजिन चकाचक रंगवून बसवलं, चावी फिरवली तर सेल्फ नुसता टिक-टिक. बॅटरी बदलली, सेल्फ खोलला, सोलेनॉइडला शिव्या घातल्या. शेवटी अर्थच्या पट्टीखालचा रुपयाएवढा रंग खरवडला आणि गाडी पहिल्या चावीला सुरू.

जुनंलोखंड:
बोनेटखाली, तुमचे पोपडे रंगाच्या डब्याने काढलेले नाहीत, तेलाने काढलेत असा माझा अंदाज. ब्लॉकचा बाहेरचा पृष्ठभाग इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाच्या आसपासच असतो, शंभर अंशांच्या थोडं अलीकडे-पलीकडे. इंजिनासाठीचं म्हणून मिळणारं इनॅमल ते सहज सोसतं. पण बीड खडबडीत, वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं. रॉकेलने पुसलं की स्वच्छ दिसतं आणि रॉकेलचाच तेलकटपणा मागे राहतो.

त्यामुळे कढत पाणी, डिटर्जंट, ब्रश. मग स्वच्छ पाणी ओतून बघा. सलग पसरून सगळीकडे ओलं राहिलं तर ठीक. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब झाले तर पुन्हा धुवा. मला तिसऱ्या धुण्यात जमलं. वाळवून लगेच हीट गनने तापवा, कोपऱ्यांत तेल पाझरताना डोळ्यांनी दिसेल. पुसून लगोलग प्रायमर मारा. उघडं बीड दमट हवेत बघता बघता तांबूस होतं. वर इंजिन इनॅमलचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिलात तर पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा वर काढाल.

दोन गोष्टी जिवाच्या. ब्रेक क्लीनर क्लोरीनवाला असेल तर तो पूर्ण उडाल्याशिवाय जवळ ज्वाला, हीट गन किंवा वेल्डिंग आणू नका, विषारी वायू होतो. आणि हार्डनरवाला टू-पॅक रंग मारायचा असेल तर त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. नसेल तर ते काम रंगाऱ्याला द्या.

मॅनिफोल्डवर पावडरही नको, इनॅमलही नको. तिथे सिलिकॉनवाला उच्च-तापमानाचा रंग, साधारण ६५० अंश सोसणारा. तोही ब्लास्ट केलेल्या (हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ केलेल्या) उघड्या धातूवर, खाली नेहमीचा प्रायमर न लावता. डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करा, नाहीतर भुकटी होऊन झडतो. तरी पोर्टपाशी कधीतरी पांढुरका पडणारच. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. जग्वारच्या एक्सके इंजिनांच्या मॅनिफोल्डवर तर कारखान्यातूनच काळं काचेचं इनॅमल येत असे.

रॉकरताई:
ब्लास्टिंगचा विषय निघालाच आहे तर माझी चूक सांगते. पत्र्याचं टॅपेट कव्हर काचेच्या बारीक मण्यांनी ब्लास्ट करून आणलं. आतल्या बाजूला ब्रीदरपाशी (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी) जो पत्रा ठोकलेला असतो त्याच्या मागे मणी अडकून राहिले. मी वरवर हवा मारली आणि बसवलं. गरम तेलाने एकेक करून सगळे खाली आले आणि नव्या बेअरिंगवर रेघा ओढल्या. इंजिन पुन्हा खाली. आता आतला पत्रा काढता येत नसेल तर ते कव्हर मी ब्लास्टिंगला देतच नाही, रसायनाने रंग काढते.

टायमिंग कव्हरसाठी पाण्यासोबतचं ब्लास्टिंग छान, मऊ चांदीसारखं दिसतं. तिथेही तेलाच्या वाटा बुजवूनच द्या.

बोनेटखाली:
बापरे. बरं झालं विचारलं. टायमिंग कव्हर ॲनोडाइज केलं (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवला) तर? आणि नट-बोल्ट?

आटेवाला:
ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन बरंच असतं, ॲनोडाइज केलं की करडं आणि डागाळलेलं निघतं. तसंच उघडं ठेवा.

नट-बोल्टांना झिंक प्लेटिंग आणि वर पिवळं पॅसिव्हेशन (झिंक टिकवणारा रासायनिक थर), जुन्या इंजिनावर शोभतंही. पण डोक्यावर १०.९ किंवा १२.९ (जास्त ताकदीची खूण) लिहिलेले बोल्ट त्या डब्यात टाकू नका. ॲसिड आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कसल्यावर बोल्ट दिसायला धडधाकट असूनही अचानक तुटू शकतो. प्लेटिंगनंतर लगेच काही तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात, पण भाजलं की नाही हे बघून कळत नाही. हेड, कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नुसते साफ करून तेल लावा.

बोनेटखाली:
म्हणजे पावडरला दोनच नग उरले! आता शेवटचं: ब्लॉकचा रंग. डायनामोच्या ब्रॅकेटमागे खरवडलं तर माझ्या काळ्याखाली लाल आणि लालखाली हिरवट निघाला. हिरवा मूळचा धरू का?

जुनंलोखंड:
घाई नको, जुने प्रायमरही हिरवट असत. इंजिन माउंटिंगच्या मागे आणखी एका जागी खरवडा. तिथे लालखाली थेट बीड लागलं, तर हिरवा कुणीतरी मधे कधी ब्रॅकेटलाच मारलेला असेल.