कोल्हापूर ते मुंबई: अंतर ३१० किलोमीटर, मग विमानाला तासभर कसा लागतो?

प्रश्न:
पुढच्या महिन्यात आईला घेऊन मुंबईला जायचे आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रभराचा प्रवास तिला आता झेपत नाही, म्हणून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानाने जायचे ठरवले आहे. रस्त्याने मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर पडते, तर हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर भरते. एटीआर (पंख्यांचे छोटे प्रवासी विमान) ताशी पाचशे किलोमीटरने जाते असे धरले, तर ३७ मिनिटे पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र तासाभराचा अवधी दाखवलेला असतो. हिशेब कुठे चुकतो? दादरला दुपारी बारापर्यंत पोहोचायचे आहे.

उत्तर १:
आपला भागाकार बरोबर आहे, पण वेळापत्रकातला अवधी हा केवळ उडण्याचा नसतो. कोल्हापुरात विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून मुंबईत ते ठरल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. शिवाय ताशी पाचशेचा वेग वर गेल्यावर मिळतो. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो, आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात निम्मी वाट चढण्या-उतरण्यातच सरते. राहिली मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी आपले विमान रांगेत घिरट्या घालत राहते. वेळापत्रक करणारे ही मिनिटे आधीच पोटात घेतात. म्हणूनच रांग नसली की विमान वेळेआधी टेकते आणि प्रवासी खूश होतात.

उत्तर २:
वाऱ्याचा मुद्दा कोणीतरी काढेलच, म्हणून सांगतो: समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा सलग लागला, तरी ३१० किलोमीटरला जेमतेम तीन मिनिटे वाढतात. त्यापेक्षा दिशेचा फरक जास्त जाणवतो. मुंबईत बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, आणि कोल्हापूरचे विमान आग्नेयेकडूनच येत असल्याने त्याला फारसे वळावे लागत नाही. परतताना मात्र ते आधी समुद्रावर जाते आणि मग वळसा घेऊन आपल्याकडे निघते.

उत्तर ३:
मी वडिलांना असेच नेले होते, म्हणून दोन शब्द. चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, तेव्हा शहरातून निघताना त्याच्याही आधीचा हिशेब धरावा. एटीआरमध्ये मागच्या दाराने, पायऱ्यांवरून चढावे लागते. आईंचे गुडघे दुखत असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी. डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, त्यामुळे मोठी हातबॅग दाराशीच काढून घेतात. विमानतळ ते दादर दहा-बारा किलोमीटरच आहे, पण सकाळच्या वाहतुकीत त्याला तासही लागू शकतो. सामान मिळण्यातली खोटी धरता दहापर्यंत मुंबईत टेकणारे विमान असेल तरच ते घ्यावे. नसेल, तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणे बरे.